‘पास’ झालेलं बाळ: नवजात श्रवण तपासणीचं कोल्हापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण मी श्रवणतज्ज्ञ म्हणून लिहिते आहे, आणि या बाळाच्या कार्डावर ‘पास’ हा शब्द माझ्याच हातानं लिहिला गेला म्हणूनही. कुटुंबानं लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम, बाळाचं वय आणि कोणता निर्णय केव्हा झाला, हे मात्र होतं तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

आई राधानगरी तालुक्यातली, सासर इचलकरंजीचं. घरचे आठ माग. राहतं घर आणि मागाचं खातं यांच्यामध्ये एकच भिंत. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. जूनच्या शेवटी, पस्तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मुलगा झाला. वजन २ किलो १०० ग्रॅम. आईचा रक्तगट ओ, बाळाचा बी. दुसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं, तिसऱ्या दिवशी रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, २५ वर गेलं. निळ्या दिव्याखाली ठेवूनही उतरेना, तेव्हा त्याच रात्री रक्त बदलावं लागलं. जंतुसंसर्गाची शंका होती म्हणून अमिकासिन हे अँटिबायोटिक सात दिवस चाललं. एकूण ११ दिवस बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरनी त्याला अक्षरशः ओढून बाहेर काढलं, हे आधी सांगायलाच हवं. पुढं जे झालं त्यात त्यांच्या कष्टांना बोल लावण्याचा हेतू नाही.

कानाच्या बाजूनं पाहिलं तर ही माहिती वेगळीच वाचली जाते. दिवस पूर्ण व्हायच्या आधीचा जन्म, रक्त बदलावं लागेल इतकी कावीळ, कानाला इजा करू शकणारं औषध, पाच दिवसांहून जास्त एनआयसीयू. जन्मजात कायमचा बहिरेपणा साधारणपणे हजारात एक ते तीन बाळांना असतो. एनआयसीयूतून आलेल्या बाळांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त असतं, आणि हे बाळ तर धोक्याच्या यादीतल्या चार ओळींवर बसलेलं होतं.

तपासणी कशी झाली

त्या काळात मी या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा जायचे. सोबत ओएईचं हातात मावणारं यंत्र. बाळाच्या कानात मऊ टोपीची बारीक नळी बसवायची, यंत्र टिकटिक असे आवाज सोडतं. आतल्या कानातल्या केसपेशी धडधाकट असतील तर त्या उलट एक अगदी क्षीण आवाज काढतात आणि नळीतला माइक तो टिपतो. कानातून येणारा हा प्रतिध्वनी लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये मोजून दाखवला आणि त्यातूनच पुढं नवजात बाळांची झटपट तपासणी शक्य झाली. बाळ झोपलेलं असेल तर दोन-चार मिनिटांत काम होतं. सुई नाही, औषध नाही.

या यंत्राची नजर आतल्या कानापर्यंतच पोचते. तिथून पुढं नसेवाटे आवाज मेंदूकडे जातो की नाही, ते त्याला कळत नाही. त्यासाठी कपाळावर आणि कानामागं इलेक्ट्रोड लावून करायची एबीआर तपासणी लागते. आपल्याकडे सगळे तिला बेरा म्हणतात.

दहाव्या दिवशी मी बाळाची ओएई केली. एनआयसीयूत मॉनिटरचे आवाज इतके होते, की सिस्टरनी बाळाला दुपट्यात गुंडाळून शेजारच्या खोलीत आणून दिलं. सगळ्यात लहान टोपी बसवली. उजवा कान मिनिटभरात झाला, डावा त्याहून लवकर. पडद्यावर दोन्ही वेळा हिरवी पट्टी आली. मी कार्डावर लिहिलं: ‘श्रवण तपासणी – दोन्ही कान पास’.

आईला तोंडी सांगितलं, की बाळ एनआयसीयूत होतं, तेव्हा तीन महिन्यांनी बेरासाठी घेऊन या. ती भिंतीला धरून उभी होती. दहा रात्री धड झोप नव्हती. तिनं मान हलवली. बाळाचे वडील खाली बिलाच्या खिडकीशी होते. हे सांगणं कार्डावर कुठंच उतरलं नाही.

घरी काय दिसत होतं

सव्वा महिन्यानं माहेरी बारसं झालं. आत्यानं कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं, ‘कुर्रर्र’ केलं, तिच्या पाठीत धपाटे पडले, बायका खिदळल्या. बाळ जागं होतं आणि दचकलं नाही. ‘शांत आहे हो पोरगं’ म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. एवढ्यावरून कुणी निदान करत नाही, करूही नये. पण आईनं हे मला नंतर सांगितलं तेव्हा आत्याच्या साडीचा रंगसुद्धा तिला आठवत होता.

दीड महिन्याची लस गावातच झाली. आशाताईंनी कार्ड नीट वाचलं, ‘पास’ पाहिलं आणि पुढच्या बाळाकडं वळल्या. त्यांनी वेगळं काय करायला हवं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. सप्टेंबरअखेर तीन महिने भरले. आमच्याकडून कुणी फोन केला नाही, कारण फोन ‘रेफर’ रकान्यातल्या, म्हणजे पुढच्या तपासणीला बोलावलेल्या बाळांना जायचे आणि हे बाळ ‘पास’ रकान्यात होतं. केला असता तरी नोंदवलेला नंबर इचलकरंजीला असलेल्या वडिलांचा होता आणि बाळ राधानगरीकडं.

दिवाळीनंतर आई बाळाला घेऊन सासरी आली. भिंतीपलीकडं माग सुरू असताना बाळ गाढ झोपायचं. पाहुणे आश्चर्य करायचे आणि आजी अभिमानानं सांगायची, ‘मागाच्या घरातलं लेकरू हाय, आवाजाला सरावलंय.’ इचलकरंजीत हे वाक्य कुणालाही पटेल.

जानेवारीत एका दुपारी वीज गेली. आजीनं मला त्या दुपारचं वर्णन केलं ते असं: ‘एकदम सुन्न झालं बघा सगळं. मांजर सुदिक कान टवकारून बसलं. मी ह्याच्या मागं बसून हाक मारली. दोनदा मारली. ह्यो आपला खुळखुळ्याकडं बघत बसला.’ तेव्हा बाळ साडेसहा महिन्यांचं होतं.

संध्याकाळी घरातल्यांनी परीक्षा घेतली. स्टीलचं ताट आणि पळी. बाळ वळलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ताटाची ही परीक्षा घराघरांत होते आणि मला तिची भीती वाटते. ताट डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं, मारणाऱ्याची सावली हलते, फरशीतून हादरा पोचतो, आणि आवाज इतका मोठा असतो की बराच बहिरेपणा असलेलं मूलही वळू शकतं. बोलणं ऐकू येतं का, हे त्यातून कळत नाही. घरात आजी एकटीच मानायला तयार नव्हती. तिचं म्हणणं, ‘ताटाला वळतंय, पर माज्या हाकंला न्हाई.’ तपासणीच्या भाषेत याहून नेमकं कुणी सांगू शकलं नसतं.

फेब्रुवारीत ती सुनेला घेऊन जवळच्या डॉक्टरांकडं गेली. त्यांनी जुनं कार्ड पाहिलं. तपासणी पास आहे, मुलगे जरा उशिरा बोलतात, वर्षापर्यंत बघू, असं सांगितलं. आणखी दोन महिने गेले. तोवर जावेची दीड महिन्यानं लहान मुलगी ‘बाबाबा, दादादा’ अशी माळ लावायला लागली होती. हे बाळ हसायचं, ओरडायचं, पण अक्षरांची माळ लागत नव्हती. एप्रिलमध्ये आजीनंच कार्डावरचा माझ्या क्लिनिकचा नंबर शोधून मुलाला फोन लावायला लावला.

निदान

बाळ आलं तेव्हा साडेनऊ महिन्यांचं होतं. सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, इथं आल्यावरच पाजा, असं सांगून ठेवलं होतं, म्हणजे झोपेचं औषध न देता बेरा करता येते. दुपारी दीडला ते आईच्या मांडीवर झोपलं.

कानाचा पडदा, मधला कान, दोन्ही ठीक. मग मी आधी ओएई लावली आणि पुन्हा हिरवी पट्टी आली, दोन्ही कानांना. एवढंच यंत्र माझ्याकडं असतं तर मी दुसऱ्यांदा ‘पास’ लिहून त्यांना घरी पाठवलं असतं.

मग बेरा. नव्वद डेसिबलला, म्हणजे कानाशी कुणी जोरात ओरडावं इतक्या आवाजाला, आलेखात पाचवी लाट दिसायला हवी. रेषा सपाट होती. अगदी सुरुवातीला एक बारीक नागमोड होती, ती आवाजाची ध्रुवता बदलल्यावर उलटी झाली. ही खूण केसपेशींच्या विद्युत प्रतिसादाची, मेंदूकडं जाणाऱ्या लाटेची नव्हे. म्हणजे आतला कान काम करत होता आणि पुढची वाट बंद होती. इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावले, परत केली. तेच. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. काविळीत बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर ऐकण्याच्या नसा आणि मेंदूच्या खोडातली ऐकण्याची केंद्रं त्याला सगळ्यात आधी बळी पडतात; केसपेशी मात्र बहुधा शाबूत राहतात. म्हणूनच अशा बाळात ओएई फसवते.

वडिलांना मी चित्र काढून समजावत होते. ते मध्येच म्हणाले, ‘म्हणजे मीटरपर्यंत लाईट आलीय, पण घरातला बल्ब लागंना?’ तेव्हापासून मी सगळ्या पालकांना हेच सांगते. भर इतकीच घालते, की बल्ब कधी कधी लुकलुकतो. या आजारात मूल आज आवाजाला वळतं, उद्या वळत नाही, आणि घरचे म्हणतात की ऐकतंय, पण लक्ष देत नाही.

आईनं विचारलं, ‘मॅडम, तेव्हा तुम्हीच पास म्हणालात ना?’

मी म्हटलं, हो. ते यंत्र जेवढं मोजतं तेवढ्यात ते पास होतं. या बाळाला दुसरी तपासणी लागत होती, ती मी केली नाही आणि कार्डावर लिहिलीही नाही. ती काही बोलली नाही. बाळाचं टोपडं सारखं करत बसली.

कोणते पर्याय होते

निदान झाल्याबरोबर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रिया करून आतल्या कानात बसवायच्या आणि ऐकण्याच्या नसेला थेट विद्युत संकेत देणाऱ्या उपकरणाचा प्रश्न आला, कारण वडिलांनी मोबाइलवर पाहिलं होतं. मी त्या वेळी नको म्हटलं. काविळीमुळं झालेल्या न्यूरोपॅथीत नसेची वाट वाढत्या वयात काही अंशी सुधारू शकते. शिवाय या आजारात बेराची रेषा सपाट असली तरी मूल प्रत्यक्षात किती ऐकतं हे त्यातून कळत नाही. ते वागण्यातून तपासावं लागतं. घाईनं इम्प्लांट करणं चूक ठरलं असतं, तसंच नुसतं थांबणंही, कारण वाट बघण्याच्या काळात भाषेचे महिने निघून जातात.

श्रवणयंत्राबद्दल मीही साशंक होते. केसपेशी चांगल्या असताना आवाज मोठा करून देणं योग्य का, हा प्रश्न रास्त आहे. पण आवाज आणि दिव्याच्या खेळण्यानं केलेल्या तपासणीत, दोन वेगवेगळ्या दिवशी, बाळ ६५ ते ७५ डेसिबलच्या आसपासच प्रतिसाद देत होतं. घरातलं साधं बोलणं ५०-६० डेसिबलचं असतं. म्हणजे ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. बेतानं वाढवलेल्या आवाजाची यंत्रं काही महिने लावून बघायची, असं ठरलं.

खुणांचा विषय मी काढला तेव्हा घरात नाराजी पसरली. खुणा शिकवल्या तर बोलणारच नाही, ही समजूत पक्की असते. ती खरी नाही. अस्पष्ट ऐकणाऱ्या मुलाला चेहरा, ओठ आणि हात यांचा आधार मिळाला तर शब्द लवकर पकडता येतो. शेवटी आजीच म्हणाली, ‘भाकरी म्हणताना हात हलवला तर काय बिघडतंय?’ आणि वाद मिटला.

त्यांचे स्वतःचेही पर्याय होते. चैत्राची यात्रा जवळ आलेली, जोतिबाला नवस बोलायचा होता. कुणी लसणीचं तेल कानात घालायला सांगितलं होतं. मी म्हटलं, नवस जरूर बोला, तेल मात्र थेंबभरही नको. तेलानं नस सुधारत नाही, उलट बाळाचा कान चिघळायची भीती असते.

काय केलं

बाळ साडेदहा महिन्यांचं असताना दोन्ही कानांना यंत्रं बसवली. थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला यायचं ठरलं, पण तिसऱ्या आठवड्यातच ते जमेना. एसटीनं तीस किलोमीटर, कडेवर बाळ, अर्धा दिवस मोडायचा. मग मी बेत बदलला: माझ्याकडं आठवड्यातून एकदा, आणि बाकीचे सहा दिवस घरी, आई आणि आजीच्या हातून. हा बदल पहिल्याच दिवशी करायला हवा होता. अंतर, एसटीच्या वेळा आणि घरातलं मनुष्यबळ न विचारता ठरवलेली थेरपी कागदावरच राहते.

खरी अडचण घरात होती. ऑडिटरी न्यूरोपॅथीत गोंगाटातलं बोलणं पार विस्कटून जातं. मी एक दिवस इचलकरंजीला जाऊन आवाज मोजायचा मीटर लावला. खात्यात ९६ डेसिबल. स्वयंपाकघरात, दार लावून, ७८. या आवाजात यंत्र लावलं की यंत्र मागाचाच आवाज वाढवून देणार. घर मागांवर चालतं, ते बंद ठेवा म्हणणं शक्य नव्हतं. आईनं माहेरी जाऊन राहावं असा एक विचार झाला. तिथं शांतता होती, पण मी लांब पडत होते, वडील आणि आजी दोघंही तुटत होते. भाड्यानं खोली परवडणारी नव्हती. बरेच दिवस घोळ चालला. शेवटी दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या चुलत सासऱ्यांनी तळमजल्यावरची खोली सकाळी नऊ ते एक वापरायला दिली.

तिथं मी एकदा गेले होते. आजी दाराकडं तोंड करून बसली होती, म्हणजे उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल. नातू समोर. एक हात पाठीमागं, त्यात भाकरीचा तुकडा. ती थांबली, बाळानं तिच्याकडं पाहिलं, मग ती सावकाश म्हणाली, ‘भाकरी.’ आणि मगच हात पुढं आला. टीव्ही बंद, पंखा बंद, तिचा पदर घामानं भिजलेला. एकेक शब्द ती दिवसातून पन्नासदा अशी द्यायची.

जाता जाता वडिलांचेही कान तपासले. वय ३१. चार हजार हर्ट्झला तो ओळखीचा खड्डा होता, मागावर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत दिसतो तसा. त्यांना कानात घालायचे बोळे दिले. ते वापरतात, असं आजी सांगते.

परिणाम

चौदाव्या महिन्यात पुन्हा बेरा केली. उजव्या कानाला नव्वदला एक वेडीवाकडी लाट आली, डाव्याला काहीच नाही. यंत्रं लावून बाळ ४० ते ४५ डेसिबलच्या आवाजाला वळायला लागलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, की ऐकू यायला लागलं. पण एकोणिसाव्या महिन्यातही तोंड झाकून म्हटलेला एकही शब्द त्याला ओळखता येत नव्हता. आवाज पोचत होता, शब्द पोचत नव्हता.

आता इम्प्लांटचा निर्णय आला. एमआरआयमध्ये ऐकण्याच्या दोन्ही नसा दिसल्या, म्हणजे इम्प्लांटला जागा होती. वडिलांना आणखी वर्षभर थांबायचं होतं. आईला डोक्याच्या शस्त्रक्रियेची धास्ती होती. मी माझं मत स्पष्ट सांगितलं: यंत्रांना आपण आठ-नऊ महिने दिले, मनापासून दिले, आता थांबण्यात मुलाचं नुकसान आहे. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांखालच्या मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. कागद जमवण्यात दोन महिने गेले. तेविसाव्या महिन्यात जिल्ह्याबाहेरच्या केंद्रात उजव्या कानात इम्प्लांट झालं. काही आठवड्यांनी इम्प्लांटचा कानाबाहेर लावायचा भाग, म्हणजे प्रोसेसर, पहिल्यांदा सुरू केला तेव्हा बाळ घाबरून रडलं. बऱ्याच मुलांचं असंच होतं.

आज मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतो. ‘आज्जी, पानी दे’ हे पाठमोऱ्या आजीला सांगतो आणि तिचं उत्तर पाठमोराच ऐकतो. स आणि श यांची गल्लत होते. बोलण्यात तो बरोबरीच्या मुलांच्या मागं आहे, माझ्या अंदाजानं दीड वर्षानं. बालवाडीत पोरांचा गलका सुरू झाला, की त्याचा चेहरा कोरा होतो. बाईंनी त्याला स्वतःजवळ बसवलं आहे. डाव्या कानाचं यंत्र तो काढून खिशात ठेवतो.

तिसऱ्या महिन्यात कळलं असतं तर? पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, हा दंडक जगभर मानतात. सहा महिन्यांच्या आत बहिरेपणा कळलेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा चांगली वाढते, हे क्रिस्टिन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतल्या मुलांच्या १९९८ च्या अभ्यासात दाखवलं. या मुलाच्या बाबतीत इम्प्लांट मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झालं नसतं. नस सुधारते का हे बघायला थांबावं लागलंच असतं. कदाचित वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास झालं असतं. पण ती शांत खोली, उजेडातला चेहरा, हातांच्या खुणा, हे सगळं सहा महिने आधी सुरू झालं असतं. ते सहा महिने त्याचे गेले.

वेगळं काय करता आलं असतं

पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची तपासणी एबीआरनंच करावी, नुसत्या ओएईनं नाही, असं अमेरिकेच्या बालश्रवण संयुक्त समितीनं २००७ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. मला ते माहीत होतं. रुग्णालयात एबीआरचं स्क्रीनिंग यंत्र नव्हतं, माझं बेराचं यंत्र क्लिनिकमध्ये होतं आणि इतक्या नाजूक बाळाला तिकडं नेणं शक्य नव्हतं. ही कारणं खरी आहेत. पण ओएई करून टाकली की तपासणी झाल्यासारखी वाटते आणि उरलेली तपासणी मनातून निसटते. त्या दिवशी ओएई केलीच नसती आणि कार्डावर ‘श्रवण तपासणी बाकी’ एवढंच लिहिलं असतं, तर हे बाळ बहुधा लवकर परत आलं असतं. हा विचार मला सगळ्यात जास्त छळतो.

‘पास’ हा शब्दच चुकीचा होता. आपल्याकडं पास म्हणजे विषय संपला. आशाताई, डॉक्टर, वडील, सगळ्यांनी तो तसाच वाचला.

बाळाचा पत्ता आम्ही एकच विचारला. आपल्याकडं पहिल्या वर्षात बाळाला निदान दोन घरं असतात, आणि माहेरच्या गावातलं बाळ सासरच्या नंबरावर सापडत नाही.

आणि घरातल्या बाईला शंका आली, की आधीची तपासणी काहीही सांगो, तपासणी परत करायची. आजी जानेवारीतच बोलत होती. तिच्या शब्दाला कार्डाएवढं वजन मिळालं असतं तर तीन महिने वाचले असते. श्रवणयंत्रं आधी लावून बघण्याचा आणि इम्प्लांटला थांबण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन.

रुग्णालयात काय बदललं

मी हे प्रकरण बालरोगतज्ज्ञांसमोर, माझ्या चुकीसकट, मांडलं. चर्चा लांबली, पण कुणी हात झटकले नाहीत. आता दर गुरुवारी मी बेराचं यंत्र रुग्णालयात घेऊन जाते. एनआयसीयूतल्या बाळांची एबीआर झाल्याशिवाय श्रवण तपासणीचा रकाना भरला जात नाही. घरी सोडायच्या आधी जमली नाही तर रकाना कोरा राहतो आणि तारीख लिहिली जाते. ‘पास’ शब्द काढून टाकला. त्याजागी आज कोणती तपासणी झाली आणि पुढची कधी, एवढंच मराठीत लिहितो. पुढची तारीख होता होईल तो दीड महिन्याच्या किंवा साडेतीन महिन्यांच्या लसीला जोडून देतो, आणि लसीकरण कार्डावर पिवळा कागद चिकटवतो. धोका असलेल्या बाळांची नऊ महिन्यांच्या सुमाराला आणखी एक तपासणी असते, कारण काही बहिरेपणा उशिरा उतरतो. फोन नंबर तीन घेतो: आईचा, वडिलांचा आणि दोन्हींपैकी एका आजीचा.

तरी बाळं सुटतात. गेल्या पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी आलं आणि लागोपाठ दोन गुरुवार बुडाले. त्या यादीतल्या बाळांना आम्ही एकेक करून फोन लावले. दोन बाळं अजून यायची आहेत. एकाचे तिन्ही नंबर लागत नाहीत. पत्ता गगनबावड्याकडचा आहे, तिथल्या आशाताईंना निरोप दिला आहे. दुसरं आजोळी चंदगडला आहे, आणि येत्या गुरुवारी पहिल्या एसटीनं घेऊन येते, असं त्याच्या आजीनं काल सांगितलं.